भिंतीवरचा विश्वरचनेचा नकाशा: बौद्ध बाजू चोख, पौराणिक बाजूत दुरुस्ती हवी

पुराणांतले जंबुद्वीप (आपण राहतो ते द्वीप) वाटोळे, सर्व द्वीपांच्या मध्यभागी, आणि मेरू पर्वत त्याच्या पोटात. अभिधर्मकोश या बौद्ध ग्रंथात मेरू स्वतंत्र उभा आहे आणि जंबुद्वीप त्याच्या दक्षिणेला, बाहेरच्या समुद्रात. एक मीटर रुंदीच्या या दुतर्फा नकाशाने दोन्हींची सरमिसळ केलेली नाही, म्हणूनच तो घेण्याजोगा आहे.

बौद्ध बाजू पाहत राहावी अशी. मेरूभोवती युगंधर ते निमिंधर या सात पर्वतरांगा चौकोनी काढल्या आहेत, आणि तशाच हव्यात. द्वीपांचे आकारही बरोबर: पूर्वविदेह अर्धचंद्र, गोदानीय गोल, उत्तरकुरू चौकोनी, जंबुद्वीप गाड्यासारखे. त्याच्या तीन बाजू २,००० योजनांच्या (योजन हे अंतराचे जुने माप), चौथी जेमतेम साडेतीन. मेरूची दक्षिण बाजू वैडूर्य या निळ्या रत्नाची म्हणून आपले आकाश निळे, हेही रंगातून दिसते.

पौराणिक बाजू प्रमाणात घसरते. जंबुद्वीपाचा व्यास १ लाख योजने. पुढचे प्रत्येक द्वीप आधीच्याच्या दुप्पट रुंद, आणि समुद्र आपल्या द्वीपाएवढा. सातवे पुष्करद्वीप ६४ लाखांवर जाते आणि गोड्या पाण्याच्या समुद्रासह सगळा व्यास ५०७ लाख होतो. म्हणजे मीटरभर कागदावर जंबुद्वीप दोन मिलिमीटरचे! ते मोठे करून दाखवणे भागच आहे, पण मग प्रमाण सोडल्याची टीप हवी होती. इथे सातही वलये सारख्याच रुंदीची आहेत आणि टीप कुठेच नाही. नवख्या वाचकाला दुपटीचा नियम कळणारच नाही.

दुसरी चूक मेरूची. विष्णुपुराणात तो माथ्याला ३२,००० आणि पायथ्याला १६,००० योजने आहे, कमळातल्या कर्णिकेसारखा, म्हणजे मधल्या गाभ्यासारखा, वर रुंद. चित्रकाराने हिमशिखर काढले आहे.

जंबुद्वीपाची नऊ वर्षे, म्हणजे भूभाग, मात्र नीट लावली आहेत. भारतवर्षापासून उत्तरेकडे हिमवान, हेमकूट, निषध हे पर्वत ओलांडत मेरूभोवतीच्या इलावृतात पोचता येते. पूजेच्या संकल्पातले ‘मेरोर्दक्षिणे पार्श्वे’ बोट ठेवून दाखवता येते. मुलांना शिकवायला एवढी सोय पुष्कळ झाली. टांगण्यापूर्वी प्रत्येक वलयावर पेन्सिलीने खरी रुंदी लिहून घ्यावी: १, २, ४, ८, १६, ३२, ६४ लाख.