तानपुरा तोडणारा प्लेयर: पावसाळ्यापासून आजपर्यंतचा अनुभव

डॅक (डिजिटल फाइलचं आवाजात रूपांतर करणारी चिप) कुठला, किती बिटचा, किती ओहमपर्यंतचे हेडफोन ओढतो, हे इथे लिहीत नाही. ते खोक्यावर छापलेलं आहे आणि प्रत्येक व्हिडिओत सांगून झालंय. साडेअकरा हजारांना सेलमध्ये घेतलेला, मुठीत मावणारा, फक्त गाणी वाजवणारा प्लेयर आहे. मला लिहायचंय ते एका ट्रॅकचा शेवट आणि पुढच्या ट्रॅकची सुरुवात यांच्यामधल्या अर्ध्या सेकंदाबद्दल. त्या अर्ध्या सेकंदापायी मी कंपनीशी तीन महिने भांडले आहे.

घेतला का, तर मिरज-कोल्हापूर रोजचा रेल्वेप्रवास. मध्ये नेटवर्क जातं, फोनची बॅटरी संध्याकाळपर्यंत टिकवायची असते, आणि जी गाणी माझ्याकडे सीडीवर विकत घेतलेली आहेत त्यांचंच दर महिन्याला भाडं भरणं मला पटत नाही. कपाटभर सीडी आणि खोकंभर कॅसेट, बहुतेक फ्लॅकमध्ये (आवाजातलं काही न गमावता फाइल लहान करणाऱ्या पद्धतीत), उतरवून ५१२ जीबीच्या कार्डात भरल्या. सीडीचा एक तास म्हणजे कच्चा सहाशे एमबीच्या वर. फ्लॅकमध्ये तो निम्म्याच्या आसपास येतो. एवढ्या कार्डात माझं सगळं घर मावलं आणि वर जागा उरली. पैसे एकदाच गेले.

त्या कार्डात काय आहे हे सांगितल्याशिवाय पुढचं कळणार नाही. जयपूर घराण्याचे ख्याल आहेत, कर्नाटकी मैफली आहेत, तमाशाच्या जुन्या कॅसेट आहेत, नारदीय कीर्तनं, कव्वाली, गोव्याचे मांडो, बेथोव्हेन, जॅझ, सत्तरच्या दशकातला इंग्रजी रॉक आणि भरपूर मराठी भावगीतं. लोक विचारतात, हे सगळं एकाच माणसाला आवडतं कसं? सकाळच्या गाडीत एक लागतं, परतताना दुसरं लागतं, इतकं ते साधं आहे.

सुरुवातीचे दोन महिने मी खूश होते. आवाज मोकळा आणि स्वच्छ आहे. मिरजेत सतारमेकर गल्लीजवळ राहिलेल्या माणसाला तानपुऱ्याची जवारी (घोडी घासून आणलेला तारांचा झंकार) लागली की नाही हे कानाने कळतं, आणि या प्लेयरमधून ती जवारी कळत होती. पूर्वीच्या फोनमधून तानपुरा नुसता गुंजारव वाटायचा. इथे चार तारा चार वेगळ्या ऐकू आल्या. या किमतीत मला त्याची अपेक्षा नव्हती.

पडद्यावर देवनागरी धड दिसत नाही. ‘किशोरी’मधली पहिली वेलांटी ‘क’च्या पुढे जाऊन बसते, जोडाक्षरं पाय मोडून उभी राहतात. राग लिहायला वेगळा रकाना नाही, म्हणून मी संगीतकाराच्या रकान्यात राग लिहिते आणि शेरा लिहायच्या जागी तबल्याला-पेटीला कोण आहे ते. शास्त्रीय संगीत साठवणारे बहुतेक जण असंच काहीतरी करतात. बॅटरी सांगितली त्यापेक्षा दोन तास कमी चालते. यातल्या कशाबद्दलही मी तक्रार केली नाही.

मग सिस्टीमचा नवा अपडेट आला. दुसऱ्या दिवशी गाडीत यमन लावला. पहिला ट्रॅक विलंबित म्हणजे संथ, दुसरा द्रुत म्हणजे जलद. विलंबित संपताना तानपुरा चालूच असतो, तबलजी हात सैल करतो, गायिका श्वास घेते आणि द्रुतचा मुखडा उचलते. तिथे तानपुरा तुटला. अर्धा सेकंद काहीच नाही, आणि मग मध्येच कुठूनतरी पुन्हा सुरू. भर मैफलीत वीज जाऊन यावी तसं झालं. मी गाडी रुकडीला येईपर्यंत तेच पुन्हा पुन्हा लावून पाहिलं. प्रत्येक वेळी तसंच.

ज्याला हे क्षुल्लक वाटतं त्याने तानपुरा नक्की काय करतो हे आठवावं. त्याच्यावर राग उभा असतो. षड्ज तासभर कानात सतत राहिला की बाकीचे स्वर आपोआप आपापल्या जागी दिसायला लागतात. तो एकदा तुटला की कान पुन्हा पहिल्यापासून बसवावा लागतो.

फक्त ख्यालाचंच असं नाही. कर्नाटकी मैफलीच्या सीडीवर रागम, तानम, पल्लवी आणि शेवटचं मृदंगाचं तनी, म्हणजे एकल वादन, असे वेगवेगळे ट्रॅक करतात, वाजताना ते एकच असतं. बेथोव्हेनच्या पाचव्या सिंफनीत तिसरा भाग संपतच नाही: टिम्पनीचे अगदी हलके ठोके चालू राहतात, वर व्हायोलिन चाचपडत जातात, आवाज चढत चढत थेट सी मेजरमधल्या चौथ्या भागात फुटतो. त्या चढणीच्या माथ्यावर सीडीवाल्यांनी ट्रॅक बदललेला असतो. नेमका तिथे माझा प्लेयर गप्प. कीथ जॅरेटने १९७५ मध्ये जर्मनीत कोलोनला एकट्याने पियानोवर केलेली मैफल घ्या. तिचा दुसरा भाग एलपी तबकडीच्या एका बाजूला मावेना म्हणून कापावा लागला. तिथली तबकडीची अडचण मला समजते. माझ्या कार्डात अशी कुठलीच अडचण नाही. मांडो संथ चालतो आणि त्याला लागून दुलपद येतं, जलद, पाय हलवणारं. गाणारे मध्ये थांबत नाहीत. तमाशात गण संपतो तिथे ढोलकी गवळणीकडे घेऊन जाते. कीर्तनात बोलणं कुठे थांबलं आणि अभंग कुठे सुरू झाला हे सांगता येऊ नये, यातच बुवांचं कौशल्य असतं.

‘गाणं’ नावाचं तीन-चार मिनिटांचं सुटं नग म्हणजेच संगीत, असं गृहीत धरून ही यंत्रं बनवली जातात. ते मापही पुष्कळसं यंत्रानेच दिलं आहे. ७८ आरपीएमच्या तबकडीच्या एका बाजूला तीन-साडेतीन मिनिटंच मावायची, म्हणून मोठमोठ्या गवयांनी राग तेवढ्यात बसवला आणि अप्रतिम बसवला. केसरबाई केरकरांची जी भैरवी १९७७ मध्ये व्हॉयेजर यानांबरोबर अंतराळात गेली, ती साडेतीन मिनिटांचीच आहे. पण १९४८ ला एलपी आली, १९८२ ला सीडी आली, आणि लांबीची ती अडचण संपली. आता यंत्राने पुन्हा तीन मिनिटांवर येऊन तोडणं मला मान्य नाही.

सगळीकडे सलगच हवं असंही माझं म्हणणं नाही. गीतरामायण पुणे आकाशवाणीवरून १९५५-५६ मध्ये आठवड्याला एक असं लागत होतं, ५६ गीतं वर्षभर. दोन गीतांमध्ये तिथे थोडं थांबलेलं मला आवडतं, आणि सीडीवर ती शांतता ध्वनिमुद्रणातच ठेवलेली असते. जिथे थांबायचं तिथे संगीतकाराने थांबावं. प्लेयरने परस्पर थांबू नये.

कोल्हापूरच्या सर्व्हिस सेंटरला गेले. काउंटरवरच्या मुलाने त्याच्या फोनमधली दोन हिंदी सिनेगीतं कार्डात टाकून वाजवली.

“ताई, वाजतंय की चांगलं!”

पहिलं गाणं हळूहळू विरत संपलं, दुसरं सुरू झालं. त्यात फट कळणार कुठून? मी त्याला माझा ट्रॅक ऐकवला. त्याने हेडफोन काढून विचारलं, “बदलताना थोडं थांबणारच की ओ, पुढची फाइल उघडायला नको?” पोरगा मनापासून बोलत होता. त्याला कुणी दुसरं काही ऐकवलंच नव्हतं, दोष त्याचा नाही. यंत्र मुंबईला पाठवायचे ३५० रुपये माझ्याकडून घेतले, आणि यंत्र परत आलं ते ‘दोष आढळला नाही’ अशी चिठ्ठी आणि माझ्या सगळ्या याद्या पुसून. कार्ड मी आधीच काढून ठेवलं होतं म्हणून संग्रह वाचला.

मग मी पुरावा तयार केला. ओळखीच्या तानपुरा बनवणाऱ्यांच्या दुकानात बसून, जवारी नुकतीच लावलेल्या तानपुऱ्याची दहा मिनिटं मुद्रित केली. ती मधोमध कापून दोन फ्लॅक केल्या. प्लेयरच्या हेडफोनच्या भोकातून केबल काढून लॅपटॉपला जोडली, ऑडॅसिटी या ध्वनिमुद्रणाच्या प्रोग्राममध्ये पुन्हा मुद्रित केलं. लाटांच्या मध्ये सपाट रेघ स्पष्ट दिसते, अर्ध्या सेकंदाची. फ्लॅकमध्ये तर बहाणाच चालत नाही, कारण शेवटचा नमुना (आवाजाचं एक मोजमाप) जिथे संपतो तिथेच फाइल संपते. चालू फाइल संपायच्या आत पुढची उघडून तयार ठेवायची, एवढंच प्लेयरचं काम. अपडेटच्या आधी तो ते करत होता. ॲपलने आयपॉडमध्ये ही सोय २००६ ला दिली. सीडी बर्न करायच्या काळातही ‘ट्रॅक ॲट वन्स’ निवडलं तर दोन सेकंदांची शांतता यायची आणि ‘डिस्क ॲट वन्स’ निवडलं की सलग वाजायचं, हे आमच्या गावच्या कॅसेटवाल्यालाही ठाऊक होतं.

कंपनीचं उत्तर आलं: क्रॉसफेड चालू करा. हे उत्तर वाचून मला खरोखर राग आला. क्रॉसफेड म्हणजे पहिल्याचा शेवट आणि दुसऱ्याची सुरुवात एकमेकांवर पसरवणं. सलग तबला चालू असताना ते केलं तर दोन ठेके एकमेकांत घुसतात आणि समेचा, म्हणजे तालाच्या पहिल्या मात्रेचा, पत्ता लागत नाही. सिनेगीतांच्या मेजवानीला ते ठीक. मी तेही मुद्रित करून पाठवलं. प्रत्येक पत्रात एकच मागणी: जुना अपडेट परत द्या नाहीतर पैसे परत द्या, आणि ते ३५० रुपयेही.

इथून पुढचं दिवाळीनंतर लिहिलेलं आहे.

वरचा मजकूर मी पाचपैकी एका ताऱ्यासह टाकणार होते. तेवढ्यात नवा अपडेट आला. तानपुऱ्याची जोडी लावली, पुन्हा मुद्रित केली, लाट सलग. डोळे मिटून ऐकलं तरी जोड सापडत नाही. चार दिवसांनी ३५० रुपयेही खात्यात आले. पत्रात माझ्या मुद्रणाचा उल्लेख होता, म्हणजे शेवटी कुणीतरी ते ऐकलं. त्यामुळे एक तारा आता मला योग्य वाटत नाही. साडेतीन देते. दीड तारा सर्व्हिस सेंटरसाठी कापला आहे आणि तो परत मिळणार नाही.

फ्लॅक नीट झालं, पण एमपीथ्री अजून अडखळते. ते थोडं समजून घ्या म्हणजे उगाच यंत्र परत करणार नाही. एमपीथ्री ठरावीक मापाच्या तुकड्यांची बनते, एका तुकड्यात ११५२ नमुने, म्हणजे सीडीच्या वेगाला साधारण २६ मिलिसेकंद. संगीत त्या मापात बरोबर बसत नाही, म्हणून शेवटचा तुकडा शांततेने भरतात, आणि सुरुवातीलाही एन्कोडर (एमपीथ्री बनवणारा प्रोग्राम) थोडी शांतता घालतो. लेम नावाचा एन्कोडर ही भर किती ते फाइलमध्ये नोंदवून ठेवतो. प्लेयरने नोंद वाचून तेवढं कापायचं. हा प्लेयर ती नोंद अजून वाचत नाही. आणि ज्या जुन्या फायलींत नोंदच नाही, त्यांचं कुठल्याच यंत्राला नेमकं काही करता येत नाही. माझ्या तमाशाच्या कॅसेट पूर्वी कुणीतरी १२८ केबीपीएसला उतरवलेल्या आहेत, त्यातल्या. मूळ कॅसेट शाबूत आहेत त्या मी पुन्हा फ्लॅकमध्ये घेते आहे, एक बाजू म्हणजे एक फाइल. गण, गवळण, बतावणी, वग, सगळं एका दमात.

एक गोष्ट अपडेटनंतरच लक्षात आली आणि तिने मला फार आनंद दिला. एक फोल्डर संपला की प्लेयर न विचारता पुढच्या फोल्डरला जातो, तोही आता न थांबता. माझे फोल्डर अक्षरक्रमाने आहेत, त्यामुळे शेजारी कोण येईल याचा नेम नाही. गेल्या आठवड्यात मांडो आणि दुलपद संपलं आणि त्याच दमात मारवा सुरू झाला. संथातून जलदात जाऊन आलेला कान पुन्हा संथाला तयारच होता. कुठल्याही ॲपने मला ही दोन नावं एका यादीत दिली नसती. आता मी शफल वापरतच नाही. फोल्डरांची नावं बदलून शेजार ठरवते: कव्वालीनंतर कीर्तन लावून पाहिलं, उत्तम जमतं, कीर्तनानंतर रॉक अजिबात जमत नाही.

घ्यायचा असेल तर आधी अपडेट तपासा. खोक्यातून निघणाऱ्या यंत्रात अजून मधला बिघडलेला असू शकतो. दुकानात सिनेगीतावर चाचणी घेऊ नका. तानपुऱ्याची ती कापलेली दहा मिनिटं माझ्याकडे आहेत, आवाज माझ्याच मुद्रणाचा आहे. हवी असेल त्याने खाली लिहा, दोन्ही फायली पाठवते.