हवेली, बॉलरूम की पहिल्याच पानावरचं प्रेत: गूढ मिसळलेल्या ऐतिहासिक प्रेमकथांपैकी कुठली निवडावी?

‘ऐतिहासिक प्रेमकथा, शिवाय थोडं गूढ’ असं वर्णन बघून पुस्तक शोधायला गेलं की एकाच लेबलाखाली तीन वेगवेगळ्या जातींच्या कादंबऱ्या हातात येतात. एकीत समुद्रकाठची हवेली आणि तिचं कुलूपबंद दालन, दुसरीत नाचाची संध्याकाळ आणि चोरीला गेलेली पत्रं, तिसरीत पहिल्याच प्रकरणात प्रेत. मुखपृष्ठावर मात्र तिन्हींकडे लांब झग्यातली तीच पाठमोरी बाई. मलपृष्ठाचाही उपयोग नाही, कारण तिथे सगळंच ‘श्वास रोखून धरायला लावणारं’ असतं.

निवड करायला मला एकच खूण भरवशाची वाटते. पहिली दोन-तीन पानं चाळायची आणि गोष्ट कोण सांगतंय ते बघायचं. नायिका ‘मी’ म्हणून बोलतेय, की लेखिका कधी तिच्या तर कधी त्याच्या मनात डोकावतेय? गूढ कुठे लपवता येईल आणि किती खोल, हे बहुतेक यावरच ठरतं.

यामागे एक अडचण आहे. प्रेमकथा वाचकाला शब्द देते की शेवटी ही दोघं एकत्र येणार. रहस्यकथा सांगते की कोणावरही विश्वास ठेवू नका. हे दोन शब्द एकाच पुस्तकात पाळायचे तर ओढाताण होतेच. एस. एस. व्हॅन डाइन या अमेरिकन लेखकाने १९२८ साली रहस्यकथेचे वीस नियम छापले, त्यात प्रेमप्रकरणाला थेट मज्जाव होता. इंग्लिश रहस्यकथाकार डोरोथी सेयर्ससुद्धा त्याच मताची, पण तिच्या १९३७ च्या एका कादंबरीचं उपशीर्षकच ‘अधूनमधून तपासाचा व्यत्यय येणारी प्रेमकथा’ अशा अर्थाचं आहे. तिन्ही घराण्यांनी ही ओढाताण आपापल्या परीने सोडवली आहे, आणि वाचकाला काय मिळतं ते त्यावर अवलंबून आहे.

हवेलीचं घराणं

हे सगळ्यांत जुनं. ‘द कॅसल ऑफ ओट्रँटो’ १७६४ सालची, अ‍ॅन रॅडक्लिफची ‘उडोल्फो’ १७९४ ची. पण आजच्या वाचकाने सुरुवात करावी ती १८४७ च्या ‘जेन एअर’पासून. नंतरच्या शेकडो हवेल्यांचा आराखडा तिच्यातच आहे: एकटी, गरीब, हुशार मुलगी नोकरीसाठी मोठ्या घरात येते, घराचा मालक तुसडा आणि आकर्षक, आणि घरातल्या एका भागाबद्दल कोणी बोलत नाही.

इथे जवळजवळ नेहमीच ‘मी’ बोलते. त्यामुळे नायकाच्या मनाचं दार वाचकाला बंद. तो प्रेम करतोय की डाव टाकतोय हे तिला कळत नाही, म्हणून आपल्यालाही नाही. म्हणजे या घराण्यात खरा संशयित नायकच असतो. ‘त्याचं माझ्यावर प्रेम आहे का?’ आणि ‘तो गुन्हेगार आहे का?’ हे दोन प्रश्न इथे एकच होऊन जातात, आणि वर सांगितलेली ओढाताण याहून सुंदर रीतीने दुसऱ्या कोणी सोडवलेली नाही, असं माझं मत.

‘जेन एअर’मधली एक जागा बघा. मध्यरात्री दाराबाहेर विचित्र हसणं ऐकू येतं. जेन बाहेर येते तर मालकाच्या खोलीतून धूर. पलंगाचे पडदे पेटलेत आणि तो गाढ झोपलेला. ती पाणी ओतून आग विझवते. तो तिला गप्प राहायला सांगतो आणि सगळा रोख एका नोकराणीवर जाऊ देतो. दुसऱ्या दिवशी जेन त्या खोलीत डोकावते, तर तीच नोकराणी पलंगाशेजारी बसून नव्या पडद्यांना कड्या शिवतेय, चेहऱ्यावर काडीचाही फरक नाही. रक्त नाही, आरडाओरडा नाही. जिच्यावर जीव घेण्याचा संशय तीच बाई शांतपणे शिवण करतेय, आणि मालकाने हे खपवून का घेतलं हे आपल्याला पुढे बराच वेळ छळत राहतं.

या भीतीला त्या काळच्या कायद्याचा भक्कम आधार होता, आणि तो माहीत असला की या कादंबऱ्या दुप्पट रंगतात. इंग्लंडमध्ये लग्न होताच बायकोचा पैसा आणि चीजवस्तू नवऱ्याच्या मालकीची होई. तिची जमीनही त्याच्या ताब्यात जाई. हे १८७० आणि १८८२ च्या कायद्यांनी बदललं. घटस्फोट घेऊन पुन्हा लग्न करायचं तर १८५७ पर्यंत संसदेकडून स्वतंत्र कायदा मंजूर करून घ्यावा लागे, म्हणजे तो फक्त धनाढ्यांचा खेळ. १८५७ नंतर प्रकरण न्यायालयात आलं, पण नवऱ्याला बायकोचा व्यभिचार सिद्ध करणं पुरे होतं, बायकोला मात्र व्यभिचाराच्या जोडीला आणखी काही गुन्हा दाखवावा लागे. ही असमानता १९२३ पर्यंत टिकली. अशा काळात ‘मी चुकीच्या माणसाशी लग्न करतेय का?’ ही शंका रहस्यकथेइतकीच जीवघेणी असणार. वारशाने पैसा मिळालेली नायिका आणि कर्जात बुडालेला देखणा पुरुष हे समीकरण इतक्या वेळा येतं ते काही लेखिकांच्या आळसामुळे नाही.

या घराण्याला दुसरा बहर १९६० नंतर आला. व्हिक्टोरिया होल्ट या टोपणनावाने एलिनर हिबर्ट यांनी ‘मिस्ट्रेस ऑफ मेलिन’ लिहिली: कॉर्नवॉल, गव्हर्नेस (घरी राहून मुलांना शिकवणारी बाई), विधुर मालक, पहिल्या बायकोच्या मृत्यूबद्दल कुजबुज. मग अशा कादंबऱ्यांचा पूर आला. रात्रीच्या कपड्यांत हवेलीपासून पळणारी बाई आणि मागे एकच उजळलेली खिडकी, हे मुखपृष्ठ त्याच काळातलं.

आता खटकणाऱ्या गोष्टी. वेग संथ. नायिका तपास करत नाही, तिला गोष्टी सापडतात. दार उघडं राहतं, पत्र हाती लागतं, कोणीतरी मरता मरता बोलतं. धागेदोरे जुळवत लेखकाच्या आधी उत्तर शोधायची सवय असेल तर चिडचिड होईल. शिवाय नायकाचं वागणं आजच्या नजरेने बघितलं तर अनेकदा सरळ दादागिरी असते. हे सोसत नसेल तर पुढच्या घराण्याकडे वळा.

बॉलरूमचं घराणं

रीजन्सी म्हणजे इंग्लंडमध्ये राजाऐवजी युवराज कारभार बघत होता तो काळ, १८११ ते १८२० ही जेमतेम नऊ वर्षं, पण या नऊ वर्षांवर जेवढ्या प्रेमकथा लिहिल्या गेल्यात तेवढ्या क्वचितच दुसऱ्या कुठल्या काळावर असतील. हा साचा पक्का केला जॉर्जेट हेयरने. आजच्या रीजन्सी कादंबऱ्यांत निवेदन बहुधा दोघांच्याही मनातून फिरतं, एक प्रकरण ती, एक तो. परिणाम उघड आहे: त्याच्या डोक्यात आपण बसलेलो असताना तो खुनी असूच शकत नाही. मग गूढ बाहेरून आणावं लागतं. ब्लॅकमेल, हरवलेलं मृत्युपत्र, फ्रान्सला बातम्या पुरवणारा कोणी सरदार. इथे रहस्याचं खरं काम दोघांना एका खोलीत आणायचं, एरवी तशी सोय नसते म्हणून. अविवाहित मुलगी परपुरुषासोबत एकटी दिसली तरी अब्रू गेली, अशा समाजात दोघांना मध्यरात्री ग्रंथालयात भेटवायला काहीतरी सबळ कारण लागतंच.

हेयरची ‘द टॅलिस्मन रिंग’ (१९३६) काळाच्या हिशेबाने रीजन्सीच्या थोडी आधीची, १७९३ मधली आहे, पण हे घराणं चाखायला तीच घ्या. खुनाचा आळ आलेला फरार वारस, गायब अंगठी, चोरटा व्यापार करणारी टोळी, एक सराई. खलनायक कोण हे फार काळ लपत नाही आणि लपवायचा हट्टही नाही. सुरुवातीलाच फ्रेंच क्रांतीतून निसटून आलेली तरुण नायिका कल्पना रंगवते की आपल्याला पांढऱ्या पोशाखात, गाडीतून गिलोटिनकडे (शिरच्छेदाच्या यंत्राकडे) नेलं जातंय, आणि समोरच्या गृहस्थाला विचारते की तुम्हाला वाईट वाटलं असतं का. तो शांतपणे उत्तर देतो की त्या गाडीत कोणीही असतं, कुठल्याही वयाचं आणि कुठल्याही कपड्यांतलं, तरी वाईट वाटलंच असतं. तिचा मूडच जातो. पुस्तकभर गंमत आहे ती याच जातीची. खुनाचा उलगडा तोंडी लावण्यापुरता.

इथेही एक कायदा सतत पडद्यामागे असतो. १७५४ पासून इंग्लंडमध्ये एकवीस वर्षांखालच्यांना लायसन्सवर, म्हणजे चर्चमध्ये आधी जाहीर घोषणा न करता, लग्न करायला आई-वडिलांची परवानगी लागू लागली. स्कॉटलंडला तो कायदा लागू नव्हता, म्हणून पळून जाणारी जोडपी सीमेपलीकडच्या ग्रेटना ग्रीनकडे धावत. कथेत ‘उत्तरेकडे निघालेली बग्गी’ आली की समजावं काय चाललंय ते.

शृंगाराचं प्रमाण मात्र आधी तपासा. हेयरकडे शेवटी एखादं चुंबन, बस्स. आजच्या बऱ्याच रीजन्सी कादंबऱ्यांत सविस्तर शयनदृश्यं असतात. ज्याला जे हवं ते. फक्त चुकीच्या अपेक्षेने उघडू नये.

प्रेताचं घराणं

तिसरं घराणं म्हणजे मुळात तपासकथा. प्रेम आहे, पण ते पुस्तकागणिक इंचाइंचाने पुढे सरकतं. एलिझाबेथ पीटर्सची ‘क्रोकोडाइल ऑन द सँडबँक’ (१९७५) इजिप्तमधल्या उत्खननावर घडते. लेखिकेने शिकागो विद्यापीठातून इजिप्तविद्येत डॉक्टरेट केली होती, त्यामुळे थडगी आणि चित्रलिपी नुसती सजावट म्हणून येत नाहीत. डिॲना रेबर्नची ‘सायलेंट इन द ग्रेव्ह’ (२००७) सुरू होते तीच नायिकेचा नवरा मरत असताना. सी. एस. हॅरिसच्या ‘व्हॉट एंजल्स फिअर’मध्ये (२००५) १८११ चं लंडन आहे, आणि एका अभिनेत्रीच्या खुनाचा आळ खुद्द नायकावरच येतो.

माझी खूण इथे थोडी लंगडी पडते, हे खरं. पीटर्स आणि रेबर्नकडेही ‘मी’च बोलते, तरी ही हवेली नव्हे. फरक आवाजात आहे. हवेलीतली ‘मी’ घाबरलेली असते. इथली ‘मी’ ठाम, फटकळ, बऱ्याचदा स्वतःच्याच प्रेमात. पहिल्या पानावर निवेदिकेने तुम्हाला हसवलं की समजा तिसऱ्या घराण्यात आलात.

गूढाच्या बाबतीत हे घराणं सगळ्यांत प्रामाणिक. सुगावे समोर ठेवलेले असतात. आणि सरदाराने किंवा विधवेने खुनाचा तपास का करावा, याचं उत्तर त्या काळातच आहे. लंडनमध्ये गुन्हेगार पकडणारे बो स्ट्रीटचे ‘रनर्स’ १७४९ पासून होते, पण ते मूठभर आणि बक्षिसाच्या आशेवर काम करणारे. महानगर पोलीस १८२९ मध्ये आले, त्यांची गुप्तहेर शाखा १८४२ मध्ये. आर्सेनिक हे विष पकडणारी खात्रीची चाचणी १८३६ ची. त्याआधीच्या कथेत विषप्रयोग प्रयोगशाळेत निर्विवाद सिद्ध होत असेल तर जरा संशयानेच बघा. बोटांच्या ठशांचा विभाग स्कॉटलंड यार्डमध्ये १९०१ साली निघाला. म्हणजे १८११ सालच्या तपासाला माणसं वाचण्यावाचून गत्यंतर नाही, आणि माणसं वाचणं हेच तर प्रेमकथेचंही काम. त्यामुळे इथे तपास आणि प्रेम आपोआप एकमेकांत मिसळतात.

तोटा एकच, पण मोठा: वाट पाहणं. कधीकधी एका कबुलीसाठी तीन-तीन पुस्तकं.

मग घ्यायचं काय

एकाच पुस्तकात सगळं आटोपायला हवं असेल तर मालिका नको. पहिल्या दोन घराण्यांतलं घ्या. डोकं थकलंय, हसायचंय, तर बॉलरूम. अस्वस्थ व्हायचंय आणि चार दिवस ते मनात घोळायला हवंय, तर हवेली. रहस्यकथांचे मुरलेले वाचक असाल आणि प्रेमकथा ‘आपल्याला जमत नाहीत’ असं वाटत असेल, तर तिसरं घराणं हा चांगला चोरदरवाजा आहे. उलट, प्रेमकथा वाचणाऱ्याने गूढाकडे वळायचं असेल तर मी हवेलीच सुचवेन, तिसरं नाही, कारण हवेलीत प्रेमाला पुस्तकभर थांबवून ठेवत नाहीत.

इंग्रजीचा सराव कमी असेल तर क्रम बदलतो. ‘जेन एअर’ची वाक्यं लांब आहेत, पण शब्द बहुतेक ओळखीचे. हेयरकडे उलट: वाक्यं सुटसुटीत, मात्र त्या काळची बोली आणि कपड्यांची, गाड्यांची नावं डोकं फिरवतात. रेबर्न आणि पीटर्स सगळ्यांत सोप्या. दोन काळांत समांतर चालणाऱ्या कादंबऱ्याही हल्ली खूप निघतात, आजची संशोधक आणि जुनी डायरी अशा. त्यांत बहुतेक वेळा जुना काळ रंगतो आणि आजचा भाग उरकल्यासारखा वाटतो, म्हणून सुरुवात त्यांनी करू नये.

मालिका घेतलीतच तर ती पहिल्या भागापासून, आणि पुढच्या भागांची मलपृष्ठं अजिबात न वाचता. खुनी कोण हे तिथे कधीच सांगत नाहीत. लग्न झालं की नाही, हे मात्र पहिल्याच ओळीत छापलेलं असतं.