हॉलमध्ये मोरी: १० महिन्यांनंतर

माझ्या माहेरी, मालवणला, लहान शार्कला मुशी म्हणतात. लग्न होऊन फोंड्याला आले आणि मुशीची मोरी झाली. गोव्यात मोरी म्हटली की आधी आंबटतिख आठवतं. त्यामुळे हॉलमध्ये जिवंत मोरी ठेवणार म्हटल्यावर सासूबाईंनी सरळ विचारलं, "खायची नाही, तर मग कशाला?" दहा महिने झाले, पटेल असं उत्तर मला अजून देता आलेलं नाही.

जात ब्राउनबँडेड बांबू शार्क. मी अंडं मागवलं होतं. चपटं, तपकिरी, चामड्याच्या पाकिटासारखं. मागून टॉर्च धरला की आतलं पिल्लू वळवळताना दिसायचं, आणि शेजारची पोरं रोज तिन्हीसांजेला ते बघायला यायची. जानेवारीत बाहेर आली तेव्हा १६ सेंटिमीटर होती, अंगावर ठसठशीत काळे पट्टे. आज ३८ आहे आणि पट्टे विरत चाललेत. विकणाऱ्याने "दीड फुटावर थांबते, टाकीच्या मापानेच वाढते" असं छातीठोकपणे सांगितलं होतं. साफ खोटं. ही जात मीटरभर होते, टाकी केवढीही असो.

टाकी ६ बाय ३ बाय २ फूट, पाणी साधारण ९०० लिटर. वाळू, दगड, काच धरून वजन टनाच्या वर जातं, म्हणून तळमजल्याशिवाय विचारच करू नका. वाळू बारीक हवी, खडबडीत वाळूने हिचं पोट खरवडतं. दगड आधी तळाच्या काचेवर टेकवायचे आणि मग वाळू ओतायची. मी उलटं केलं. तिसऱ्या महिन्यात तिने दगडाखाली उकरून अख्खा ढीग पाडला. सुदैवाने ती बाजूला होती.

आता स्वभाव. सिनेमातली शार्क डोक्यात असेल तर पैसे वाया जातील. ही दिवसभर कोपऱ्यात पडून असते. श्वासासाठी तिला पोहत राहावं लागत नाही, बसल्या जागी कल्ल्यांवरून पाणी ओढते. पाहुणे येतात, पाच मिनिटं बघतात आणि "मेली की काय?" विचारतात. रात्री दिवे मालवले की मात्र छातीच्या परांवर रेलत वाळूवरून चालल्यासारखी सरकते, प्रत्येक भेगेत नाक खुपसते. माझी जुनी क्लाउनफिशची जोडी अशाच एका रात्री गेली. चूक माझीच, तळाशी झोपणारा, तोंडात मावणारा मासा तिच्यासाठी जेवणच.

मला सगळ्यात जास्त छळलं ते विजेने, आणि तेही दोन तऱ्हांनी.

पहिली उन्हाळ्यातली. पाणी २६ अंशांवर ठेवायचं तर एप्रिल-मेमध्ये चिलर जवळजवळ थांबतच नाही. बिल दरमहा दीड-पावणेदोन हजारांनी वाढलंय. मेमध्ये वाऱ्याने माड तारांवर पडला आणि पाच तास वीज नव्हती. इन्व्हर्टरवर हवेचा पंप आणि एक छोटा पंप चालतो, चिलर नाही. पाणी २९ वर गेलं. गरम पाण्यात प्राणवायू कमी विरघळतो, तिचा श्वास भराभर चालला होता. फ्रीजरमध्ये गोठवून ठेवलेल्या पाण्याच्या बाटल्या बंद टोपणानिशी टाकीत सोडत बसलो. तेव्हापासून फ्रीजरचा एक खण बाटल्यांचा.

दुसरी जुलैमधली, आणि ती लवकर लक्षातच आली नाही. मोरीने खाणं सोडलं. आठ दिवस! अमोनिया शून्य, नायट्राइट शून्य, क्षारता ३५, सगळं जागच्या जागी. दुकानात विचारलं तर परजीवीवरचं औषध हातात ठेवलं. लेबल वाचलं, त्यात तांबं. शार्कला तांबं म्हणजे विष. बाटली परत केली. शेवटी आमच्या ह्यांनी मल्टिमीटर आणून पाणी तपासलं, तर एका पंपाच्या वायरचं आवरण तडकून पाण्यात करंट झिरपत होता. शार्कच्या नाकाभोवती बारीक छिद्रं असतात. वाळूत लपलेल्या भक्ष्याच्या स्नायूंची अगदी क्षीण वीजही त्यांना कळते. त्या बिचारीला चोवीस तास काय जाणवत असेल! पंप बदलला, अर्थिंगचा प्रोब टाकला, आणि तिसऱ्या रात्री तिने चिमट्यातली माणकी (स्क्विड) ओढून घेतली. साधे मासे त्याच टाकीत निवांत होते, हे विशेष. आणि आम्हीही रोज त्याच पाण्यात हात घालत होतो. तुमच्याकडे ईएलसीबी (करंट गळू लागला की वीज तोडणारी कळ) नसेल तर टाकीआधी ती बसवा.

पाण्याचं थोडक्यात सांगते. समुद्र अर्ध्या-पाऊण तासावर, तेव्हा पाणी फुकट, असं मलाही वाटलं होतं. पण पावसाळ्यात मांडवी-जुवारीचं गढूळ गोडं पाणी मुखाशी उतरतं आणि किनाऱ्याच्या पाण्याचा खारटपणा पडतो. म्हणून आरओच्या पाण्यात टाकीसाठी विकत मिळणारं समुद्री मीठ कालवते. दर रविवारी १३० लिटर बदलायचं, म्हणजे साडेचार-पाच किलो मीठ. पाण्यातली घाण फेसाबरोबर काढणारा प्रोटीन स्किमर मोठा घ्या, इथे काटकसर नको.

खाणं आठवड्यातून चार वेळा: माणक्या, सुंगटं (कोळंबी), कधी बांगड्याचा तुकडा. गोठवलेल्या माशांत जीवनसत्त्वं कमी पडतात, म्हणून तुकड्यात पूरक गोळी दडवते. गलगंड होऊ नये म्हणून आयोडीनही. जून-जुलै ट्रॉलर बंद, बाजारात दर चढलेले, म्हणून साठा मेमध्येच केला. पुढे श्रावण! आमच्या घरी महिनाभर मासळी येत नाही. सासूबाईंनी तोड काढली: मोरीची सुंगटं पडवीतल्या वेगळ्या फ्रीजरमध्ये, चिमटा-सुरी वेगळी, आणि भरवल्यावर आंघोळ. पाळलं सगळं. चतुर्थीला गणपतीवर बांधलेल्या फळापानांच्या माटोळीपेक्षा टाकीपुढे गर्दी जास्त, यावर मात्र त्या दोन दिवस बोलल्या नाहीत.

घ्यावी का? फ्लॅटमध्ये राहत असाल, भाड्याने असाल किंवा वर्षातून दोनदा गावाला जात असाल तर नको. मला पश्चात्ताप नाही, पण ही टाकी तिला आणखी वर्षभरच पुरेल. म्हणून पडवीत १० बाय ६ ची सिमेंटची टाकी बांधायची ठरलंय. परवा गवंडी माप घ्यायला आला होता, कोल्हापूरकडचा. मी आत होते, सासूबाईंनीच त्याला सांगितलं, "इथे मोरी ठेवायची आहे."

त्याने टेप गुंडाळत विचारलं, "बरं. मग उतार कुठल्या बाजूला काढू?"