ऑपरेशननंतर वजन अडलं? राजारामपुरीतल्या फॉलो-अप सेंटरचा माझा अनुभव

वजन उतरवायचं, म्हणजे बॅरिआट्रिक, ऑपरेशन झालेल्या माणसाचं वजन अडलं की जो तो एकच सांगतो, आणखी कमी खा. तसं न सांगता आधी पकड मोजायचं यंत्र हातात देणारी जागा मला कोल्हापुरात राजारामपुरीत मिळाली. एक आहारतज्ज्ञ मॅडम आणि एक फिजिओथेरपिस्ट मिळून ती चालवतात. ऑपरेशन कुठेही झालेलं असू दे, पुढचा आहार आणि व्यायाम ते बघतात. काटा हलत नाही म्हणून ज्यांचा जीव टांगणीला लागलाय, त्यांच्यासाठी जरा सविस्तर लिहितोय.

तरुणपणी मी तालमीत होतो, खासबागेतही लढलोय. पुढे उद्यमनगरात वर्कशॉप टाकलं. माती सुटली, खुराक तोच राहिला. मग शुगर आली, गुडघे गेले. वजन १३४ किलोवर गेल्यावर स्लीव्ह करून घेतली. त्यात जठराचा तीन चतुर्थांशाहून जास्त भाग काढून टाकतात. सुरुवातीला वजन झरझर उतरलं. सहाव्या-सातव्या महिन्यात ९९ वर येऊन जे बसलं ते हलायचं नाव घेईना.

पहिल्या भेटीत तासभर तरी बसवलं. बाहेरच्या खुर्च्या रुंद आहेत आणि त्यांना हात नाहीत, ही गोष्ट जाड माणसालाच कळेल. मॅडमनी विचारलं, "पैलवान, अडलंय ते पहिल्यांदाच का?" मग नीट समजावलं. ऑपरेशननंतर तिसऱ्या आठवड्याच्या सुमाराला अनेकांचं वजन एकदा अडतं, कारण शरीर साखरेचा संपलेला साठा परत भरायला लागतं आणि त्या साठ्याच्या प्रत्येक ग्रॅमामागे साधारण ३ ग्रॅम पाणी धरून ठेवतं. ते आपोआप सुटतं. सहा महिन्यांनंतरचं अडणं वेगळं. १३४ किलोचं शरीर हलवायला जेवढी ऊर्जा लागायची तेवढी ९९ ला लागत नाही. त्यात वजनाबरोबर स्नायूही गेले असतील तर बसल्या जागी होणारा खर्चही उतरतो. अशा वेळी ताट आणखी कमी केलं तर उरलेले स्नायूही जातात.

त्याआधी एका जिममधल्या ट्रेनरने मला पाच दिवस नुसतं पातळ घेऊन 'पाउच रीसेट' करायला सांगितलं होतं. मॅडमचं उत्तर सरळ होतं, "त्यानं जठर लहान होत नाही. जातं ते पाणी आणि स्नायू."

मग माझी जेवणाची डायरी घेऊन त्या पेन्सिलीने प्रथिनं मांडत गेल्या. दिवसाची बेरीज आली ४५ ग्रॅम. ऑपरेशननंतर रोज निदान ६० ते ८० ग्रॅम लागतात आणि माझ्या अंगकाठीला त्यांनी ८० ठरवून दिले. गंगावेशीतल्या धारोष्ण दुधावर माझा फार भरवसा. त्यांनी हिशेबच करून दाखवला: म्हशीच्या २०० मिली दुधात प्रथिनं सात-आठ ग्रॅम आणि फॅट चौदाच्या आसपास. त्यापेक्षा साय काढलेल्या दुधाचं दही, दोन अंडी, पनीर, सोयाबीनच्या वड्या. चार वाजताच्या भडंगाला त्यांनी गोल केला. भडंग, खारी, फरसाण तोंडातच विरतात आणि पोटात न थांबता पुढे जातात, त्यामुळे मूठमूठ करत किती गेलं ते कळत नाही. त्या वेळेला आता उकडलेलं अंडं.

मटण बंद होणार या धास्तीनेच मी गेलो होतो. पण मॅडम कोल्हापूरच्याच. मटण चालू ठेवलं आणि रस्सा ओरपणं बंद केलं. पांढऱ्यात नारळाचं दूध, तांबड्यावर तेलाचा तवंग. दोन्ही पातळ, पोटातून सरकन पुढे सरकतात, भूक भागत नाही आणि कॅलरी तेवढ्या पदरात पडतात. म्हणून ताटात आधी सुकं मटण किंवा खिमा, अगदी बारीक चावून. मग भाजी, आणि जागा उरली तर चतकोर भाकरी. रस्सा चवीपुरता दोन चमचे. जेवताना पाणी नाही, जेवणानंतरही अर्धा तास नाही. बाकीच्या वेळात घोट घोट करत दीड-दोन लिटर संपवायचं. रविवारी आमच्या घरात पाहुणे असतात आणि माझी वाटी वेगळी दिसते, पण ताटावर बसल्याचं समाधान मिळतं. एवढ्यासाठीसुद्धा मी या मॅडमना मानतो.

व्यायामाचं खातं फिजिओथेरपिस्टकडे. रंकाळ्यावर चालणं चालू होतंच, ते तसंच ठेवायला सांगितलं, पण नुसत्या चालण्यानं स्नायू टिकत नाहीत असं ठामपणे सांगितलं. तालमीतला माणूस म्हटल्यावर मला शेकड्यानं बैठका मारायच्या होत्या. त्यांनी खुर्चीपर्यंतच्या बाराच दिल्या, खाली जाताना चार आकडे मोजत. भिंतीवरचे जोर, रबरी पट्टा ओढणं, डंबेल, आठवड्यातून तीन वेळा, आणि जमलं की भार थोडा वाढवायचा. बारा बैठकांत मांड्या थरथरल्या तेव्हा पटलं. गुडघ्यासाठी मी आयबुप्रोफेनची गोळी घ्यायचो, तीही त्यांनी सर्जनना विचारल्याशिवाय घेऊ नका म्हणून सांगितलं. या ऑपरेशननंतर, विशेषतः जठराचा बायपास केलेल्यांना, अशा गोळ्यांनी अल्सर होऊ शकतो.

पकडीचं सांगायचं राहिलं. स्नायूंची ताकद तिच्यावरून कळते. पहिल्या दिवशी यंत्र दाबलं तर आकडा ३६ किलो. माझ्या मनाला ते लागलं, कारण पैलवानाची निम्मी कुस्ती पकडीवर असते. पुढचा जवळपास महिना वजन ९९ वरच होतं, पण कंबर ४ सेंटिमीटरने उतरली आणि पकड ४१ वर गेली. लेथवर उभं आयुष्य मापं घेण्यात गेलंय, त्यामुळे कंबर मोजलेल्या टेपवरची पेनाची खूण मी स्वतः दोनदा तपासली. मग काटाही हलला, सावकाश. आता ९३. पुढचंही मॅडमनी आधीच सांगून ठेवलंय: बहुतेक उतार पहिल्या वर्ष-दीड वर्षात होतो, नंतर शरीर एका वजनावर स्थिरावतं आणि ते माझ्या मनातलं ७५ असेलच असं नाही. गोड बोलून खोटी आशा लावत नाहीत, हे मला फार मोलाचं वाटतं.

उणं सांगायचं तर जागा पहिल्या मजल्यावर आहे आणि लिफ्ट नाही. गुडघ्याच्या माणसाला त्या पायऱ्या जड जातात आणि अशा पेशंटच्या जागेला हे शोभत नाही. मी तोंडावर सांगितलंय. पहिल्या भेटीचे ८०० रुपये, आणि स्नायू-चरबी मोजायच्या मशीनचे दर वेळी वेगळे. पाणी कमी-जास्त प्यायलं तरी त्या मशीनचे आकडे बदलतात, त्यामुळे ते दर भेटीला करू नका. टेप आणि पकड पुरेशी आहे. संध्याकाळी सातनंतर मेसेजला उत्तर येत नाही.

जाताना बी-१२, लोह, ड जीवनसत्त्व यांचे ताजे रिपोर्ट घेऊन जा, मॅडम आधी तेच मागतात. थकवा असेल तर जेवणाला हात लावण्याआधी ते बघतात. चालू गोळ्यांच्या पट्ट्याही न्या. कॅल्शियम आणि लोहाच्या गोळीत दोन तासांचं अंतर लागतं आणि लोहाची गोळी चहाबरोबर चालत नाही, या वेळा त्या कागदावर मांडून देतात. आठवड्याभराची डायरी मात्र खरी लिहा, भडंगासकट.