गणपतीत पाच रात्री खेळलेले प्लास्टिकचे पत्ते, घ्यावेत का?

यंदा गणपतीला गावी जाताना (आमचं गाव कुडाळजवळ) प्लास्टिकचे पत्ते ऑनलाइन मागवून नेले होते, एक लाल पाठीचा आणि एक निळ्या पाठीचा असे दोन कॅट, दोन्ही मिळून साडेतीनशे रुपये. आमच्याकडे पाच दिवस पंचवीसेक माणसं असतात आणि आरती, जेवणं, भजन सगळं आटपून अकरा-साडेअकराला माजघरात सतरंजी पडली की ती पहाटेपर्यंत उचलली जात नाही, त्यामुळे पत्त्यांची खरी परीक्षा या पाच रात्रींतच होते. कंपनीचं नाव मुद्दाम लिहीत नाही, एकाच जोडावरून कुठल्या कंपनीला चांगलं-वाईट म्हणणं मला पटत नाही. हे प्लास्टिकच्या पत्त्यांबद्दल आहे असं समजून वाचा.

आधी कागदी पत्त्यांचं काय व्हायचं ते सांगते. भाद्रपदात कोकणातली हवा इतकी दमट असते की नवा कोरा कॅटसुद्धा दोन रात्रींत फुगतो, पिसायला घेतला की पानं एकमेकांना धरून बसतात. काकी तो रुमालात बांधून तांदळाच्या पिंपात ठेवायची, तेवढाच थोडा सुकायचा. त्यात करंजी नाहीतर मोदक खाऊन तुपाच्या हातानेच सगळे पानं उचलणार. गेल्या वर्षीच्या कॅटात इस्पिक एक्क्याचा कोपरा दुमडलेला, बदाम दश्शीच्या पाठीवर चहाचा डाग आणि चौकट पंजी हरवलेली म्हणून जोकरवर पेनाने "चौकट ५" लिहिलेलं. आणि हे घरातल्या पोरासोरांना पण पाठ!

आता मेंढीकोट खेळणाऱ्याला यातली अडचण लगेच कळेल. चौघं, दोन-दोनचे भिडू, प्रत्येकी तेरा पानं, आणि दश्शा म्हणजे मेंढ्या, चारातल्या तीन ज्यांनी धरल्या ते जिंकले, दोन-दोन झाल्या तर सात हात कुणाचे ते बघायचं, चारही धरल्या तर कोट आणि तेराच्या तेरा हात केले तर बावनपत्ती. आम्ही बंद हुकूम खेळतो, म्हणजे हुकमाचं पान पालथं ठेवायचं आणि कुणाकडे उतारीचा रंग नसला की तो हुकूम विचारणार, तेव्हा ते उघडायचं. पण पालथ्या पानावर डाग दिसत असेल तर तो बंद हुकूम राहिलाच कुठे? गेल्या वर्षी यावरूनच माझा भाऊ आणि काका यांची खरोखर वाजली, काका डाव टाकून उठले ते विसर्जनापर्यंत पत्त्यांना बसले नाहीत. मला ते फार लागलं होतं, कारण वर्षातून एकदाच सगळी माणसं एका सतरंजीवर येतात. म्हणूनच या वेळी पत्ते नीट बघून घेतले.

तर या प्लास्टिकच्या पत्त्यांचं पहिलं म्हणजे पाचव्या रात्रीपर्यंत एकही पान वाकलं नाही. तूप लागलं, एकदा अख्खा चहा सांडला, ओल्या फडक्याने पुसले की परत स्वच्छ. पाठीवर खूण नाही त्यामुळे बंद हुकूम खरंच बंद राहिला आणि काका पहिल्या रात्रीपासून खेळायला होते. आमच्या जोडाला हाताला लागेल असा बारीक जाळीसारखा उठाव आहे, घामेजल्या हातांनी वाटताना दोन पानं चिकटून एकाला चौदा गेली असं फारसं झालं नाही. अगदी गुळगुळीत असतात ते घेऊ नका, ते मी पुण्यात मैत्रिणीकडे वापरलेत, चिकटतात.

मी मोठे आकडेवाले घेतले होते ते सगळ्यात कामाला आलं. आमची आते सत्तरीच्या पुढची, पाच-तीन-दोनमध्ये (तिघांचा खेळ, एकाने पाच, एकाने तीन, एकाने दोन हात करायचे) तिला हरवणारं घरात कुणी नाही, पण हल्ली "माका दिसणा नाय" म्हणून नुसती बाजूला बसून बघायची. यंदा तीस पानं (आठ्यांपासून एक्क्यापर्यंत सगळी, वर इस्पिक आणि बदाम सत्ती) हातात घेतल्यावर तिने एक एक पान अंगठ्याने सरकवून बघितलं आणि पहिल्या पाच पानांवर हुकूम बोलली किलवर. पाचाचे सात हात केलेन! पुढच्या डावाला त्या जास्तीच्या हातांबद्दल आम्हा दोघांची पानं ओढताना तिचा चेहरा बघण्यासारखा होता.

वाईट काय तर एक, नवे असताना भयंकर घसरतात, हात करून ठेवलेली चळत सतरंजीवर पसरते, दुसऱ्या रात्रीनंतर ठीक होतात. दोन, चकाकी. ट्यूबलाइटखाली चालतं पण वीज गेल्यावर चार्जिंगचा दिवा समोर ठेवला की पानावर उजेड चमकतो आणि ज्यांची नजर कमी आहे त्यांना त्रास होतो, दिवा बाजूला उंचावर ठेवावा लागतो. डबीचं झाकण दुसऱ्याच दिवशी तुटलं, आता रबर लावून ठेवलेत.

आणि माझीच निवड चुकली ती पाठीच्या रंगात. दहा-बारा जण चॅलेंजला (पानं पालथी टाकून ती कुठली ते खरं-खोटं बोलायचं) बसले की दोन कॅट एकत्र करावे लागतात, त्यात लाल पाठीचे एक्के चारच असणार, म्हणजे ज्याच्या हातात ते चारही आहेत त्याला दुसऱ्याने एक्का म्हणून टाकलेलं लाल पाठीचं पान खोटं आहे हे न उघडता कळतं. रमीला पण तेच, समोरच्याने निळं पान उचललं ते कुठे लावलं ते पाठीवरून दिसतं. दोन घेणार असाल तर एकाच रंगाचे घ्या. बदाम सात किंवा मेंढीकोटला एकच कॅट लागतो, तिथे प्रश्न नाही.

जाता जाता, सावंतवाडीच्या राजवाड्यात गंजिफा बघायला मिळाला तर जरूर बघा. गोल, हाताने रंगवलेले पत्ते, दशावतारी संचात दहा अवतारांचे दहा रंग, प्रत्येकात राजा, प्रधान आणि एक ते दहा, म्हणजे १२० पानं, आणि त्यावर लाखेचा लेप देतात. फुगलेले कागदी पत्ते इतकी वर्षं हाताळल्यावर त्या लेपाचं महत्त्व मला यंदा कळलं.

निळा कॅट आतेकडेच ठेवून आलेय. लालवाला धुऊन पडवीत वाळवला, मोजला, बावन्न भरले. दिवाळीच्या आधी अजून एक लालच मागवणार आहे.