टक्केवारी की वह्या? छोट्या धंद्याचं आयकर रिटर्न भरताना काय निवडावं

मार्च संपला की दुकानदार सीएच्या ऑफिसात जातो. जीएसटी रिटर्नमधली उलाढाल विचारली जाते आणि "आठ टक्के दाखवून टाकू" एवढ्यावर काम संपतं. बऱ्याच जणांसाठी हा निर्णय बरोबरच असतो. काहींना मात्र तो दरवर्षी लाखांत पडतो आणि कळतही नाही, कारण दुसरा आकडा कधी काढूनच पाहिलेला नसतो.

पहिला रस्ता अंदाजित उत्पन्नाचा, म्हणजे कलम 44एडी. निवासी व्यक्ती, हिंदू अविभक्त कुटुंब आणि भागीदारी फर्म यांच्यासाठी तो खुला आहे. एलएलपी (मर्यादित दायित्वाची भागीदारी) आणि कंपनीसाठी नाही. उलाढाल 2 कोटींपर्यंत हवी. रोखीची जमा एकूण जमेच्या 5 टक्क्यांच्या आत असेल तर 3 कोटींपर्यंत चालते, आणि या हिशोबात अकाउंट पेयी नसलेला चेकही रोखच धरतात. रोखीच्या विक्रीवर 8 टक्के नफा मानला जातो. यूपीआय, आरटीजीएस किंवा अकाउंट पेयी चेकने आलेल्या विक्रीवर 6 टक्के. उधारीचे पैसे रिटर्नच्या मुदतीआधी बँकेत आले तर तेही 6 टक्क्यांतच बसतात. दुसरा रस्ता नेहमीचा: कीर्द, खतावणी, नफा-तोटा पत्रक, ताळेबंद आणि जो खरा नफा निघेल त्यावर कर.

डॉक्टर, वकील, आर्किटेक्ट वगैरेंसाठी वेगळं कलम आहे, 44एडीए. तिथे जमेच्या निम्मं उत्पन्न मानतात आणि मर्यादा 50 लाख, रोख कमी असल्यास 75 लाख. बाजार समितीतला आडत्या किंवा विमा एजंट मात्र 44एडीत बसतच नाही, कारण कमिशनच्या उत्पन्नाला हे कलम लागू नाही. तरीही अशी रिटर्न भरली जातात. ती सदोष ठरण्याची टांगती तलवार वर्षानुवर्षं राहते.

एकट्या मालकाचं गणित बदललं आहे

"माझा धंदा होलसेलचा, सुटतात तीन टक्के, मग आठ का दाखवू?" ही तक्रार रास्त होती. आता तिची धार गेली आहे. 2025-26 पासून नव्या कर प्रणालीत निवासी व्यक्तीला 12 लाखांपर्यंतच्या उत्पन्नावर कलम 87ए च्या सवलतीमुळे कर येत नाही. आणि 2 कोटींचे 6 टक्के म्हणजे बरोबर 12 लाख. सगळी विक्री बँकेतून होत असेल आणि एफडीचं व्याज, घरभाडं असं दुसरं उत्पन्न नसेल, तर 2 कोटींची उलाढाल करणारा मालक शून्य कर भरून मोकळा होतो. सगळी विक्री रोखीची असली तर हीच रेषा दीड कोटीवर येते. खरा नफा 5 लाख असो की 11 लाख, कराचं उत्तर तेच. अशा माणसाला वह्यांच्या मागे लागायला सांगण्यात मला अर्थ वाटत नाही. फक्त ही सवलत व्यक्तीला आहे. धंदा हिंदू अविभक्त कुटुंबाच्या नावावर असेल तर ती विसरा.

2 कोटींच्या पुढे पारडं फिरतं. 3 कोटींची पूर्ण डिजिटल उलाढाल धरा. 6 टक्क्यांनी उत्पन्न 18 लाख आणि कर सेससह 1,66,400 रुपये. याच धंद्यात खरे 3 टक्के सुटत असतील, तर वह्यांनुसार उत्पन्न 9 लाख आणि कर शून्य. रोख जमा आणि रोख खर्च दोन्ही 5 टक्क्यांच्या आत असतील तर 10 कोटींपर्यंत कलम 44एबीचं ऑडिटही लागत नाही. पण ज्याने पूर्वी 44एडी घेतलेलं नाही, त्यालाच हे इतकं सोपं आहे. बाकीच्यांची गोष्ट पुढे येते.

भागीदारी फर्मने आधी कागद-पेन घ्यावं

माझा खरा आक्षेप इथे आहे. फर्मला करमुक्त मर्यादा नाही, पहिल्या रुपयापासून 30 टक्के. 44एडी घेतलं की भागीदारांचा पगार आणि भांडवलावरचं व्याज वजा मिळत नाही. ही वजावट आधी होती, ती 2016 च्या वित्त कायद्याने काढून टाकली. तरीही फर्मची रिटर्न सवयीने याच कलमात भरली जातात.

दोन भाऊ, दोघेही दुकानात बसणारे, उलाढाल 2 कोटी, सगळी बँकेतून. 44एडीत उत्पन्न 12 लाख, त्यावर 30 टक्के आणि 4 टक्के सेस, एकूण 3,74,400 रुपये. आता हाच 12 लाखांचा नफा वह्यांतून आला असं धरू. कलम 40(बी) प्रमाणे पहिल्या 6 लाखांवर 90 टक्के आणि उरलेल्यावर 60 टक्के इतका पगार वजा होतो: 5.40 अधिक 3.60, म्हणजे 9 लाख. फर्मकडे उरले 3 लाख, त्यावर कर 93,600. भावांच्या हातात प्रत्येकी साडेचार लाख. दुसरं मोठं उत्पन्न नसेल तर त्यावर कर नाही. फरक 2,80,800 रुपयांचा, आणि तोही एका वर्षाचा. सीएची फी, अकाउंटंटचा पगार धरूनही हा सौदा वाईट नाही.

अटी दोन. पगाराची रक्कम किंवा ती काढायची पद्धत भागीदारीपत्रात लिहिलेली हवी. जुन्या पत्रांत "परस्पर संमतीने ठरेल" एवढंच असतं, त्यावर वजावट अडते. दुसरं, 1 एप्रिल 2025 पासून कलम 194टी लागू आहे: भागीदाराला वर्षात 20,000 च्या वर पगार-व्याज दिलं की 10 टक्के टीडीएस कापायचा. भागीदाराला तो रिफंडमध्ये परत मिळतो, पण मधले महिने पैसा अडकतो.

बाहेर पडायची किंमत

44एडीत शिरणं सोपं, निघणं महाग. एकदा हे कलम घेतलं आणि पुढच्या पाच वर्षांत एखाद्या वर्षी कमी नफा दाखवला, की त्यानंतरची पाच वर्षं ते परत मिळत नाही. शिवाय उत्पन्न करमुक्त मर्यादेच्या वर असेल तर वह्या आणि ऑडिट दोन्ही सक्तीचे, उलाढाल अगदी 30 लाख असली तरी. इथे मर्यादा म्हणजे नव्या प्रणालीतले 4 लाख, सवलतीचे 12 नव्हेत. कर शून्य पण ऑडिट डोक्यावर, अशी अवस्था होऊ शकते. ऑडिट चुकवलं तर दंड उलाढालीच्या अर्धा टक्का किंवा दीड लाख, यातलं जे कमी असेल ते. म्हणून पुढच्या वर्षी मोठी मशिनरी घ्यायची असेल, नवी शाखा काढायची असेल, तोटा दिसत असेल, तर यंदा टक्केवारीत शिरू नये. अंदाजित योजनेत तोटा दाखवता येत नाही. वह्यांतला धंद्याचा तोटा मात्र मुदतीत रिटर्न भरलं तर आठ वर्षं पुढे ओढता येतो, आणि घसाराही खराखुरा मिळतो.

टक्केवारीच्या बाजूने बोलणारी एक गोष्ट फारशी कुणी सांगत नाही. 44एडी हे 28 ते 43सी या कलमांना बाजूला सारतं. एकाच माणसाला एका दिवसात 10,000 च्या वर रोख दिले म्हणून खर्चाची नामंजुरी नाही, आणि सूक्ष्म-लघु उत्पादकांचं बिल 45 दिवसांत चुकतं न केल्याचा 43बी(एच) चा फटकाही नाही. मार्च 2024 मध्ये कापड व्यापारात या तरतुदीवरून केवढी ओरड झाली, ते आठवत असेलच.

"वह्या नकोत" म्हणजे किती नकोत?

जीएसटी नोंदणी असेल तर खरेदी, विक्री, साठा यांच्या नोंदी त्या कायद्याने ठेवाव्याच लागतात. टक्केवारीवाल्यांच्या रिटर्नच्या फॉर्ममध्ये, म्हणजे आयटीआर-4 मध्येही साठा, येणी, देणी आणि हातातली रोकड विचारतात; तिथे दरवर्षी गोल आकडे ठोकणारे पुढे कर्जासाठी बँकेत गेले की अडखळतात. बँकेतल्या रोख भरण्याबद्दल पंजाब व हरियाणा उच्च न्यायालयाचा 2010 चा निकाल करदात्याच्या बाजूचा आहे: अंदाजित योजनेत प्रत्येक नोंदीचा खुलासा देण्याचं बंधन नाही, मात्र ती रक्कम धंद्याच्या जमेतलीच असली पाहिजे. 80 लाखांची उलाढाल दाखवायची आणि खात्यात सव्वा कोटी भरायचे, त्याला हा निकाल वाचवणार नाही. आणि कलमात "किंवा प्रत्यक्षात त्याहून जास्त" असेही शब्द आहेत. वीस टक्के सुटणाऱ्या धंद्यात आठ दाखवून फ्लॅट घेतला, तर आयकर खात्याच्या वार्षिक माहिती पत्रकात (एआयएस) तो दिसतोच.

टीडीएसचंही तसंच. एकट्या मालकाची किंवा हिंदू अविभक्त कुटुंबाची उलाढाल मागच्या वर्षी 1 कोटीच्या वर गेली असेल तर कंत्राटदार, व्यावसायिक फी, कमिशन यांवर टीडीएस कापावा लागतो, रिटर्न 44एडीत असलं तरी. टीडीएसचं विवरणपत्र उशिरा भरलं तर दिवसाला 200 रुपये. अॅडव्हान्स टॅक्सला मात्र टक्केवारीवाल्यांना चार हप्त्यांऐवजी 15 मार्चचा एकच हप्ता आहे.

1 एप्रिल 2026 पासून नवा आयकर कायदा, 2025 आला. 44एडी, 44एडीए आणि मालवाहू गाड्यांचं 44एई हे सगळं आता कलम 58 मध्ये एकत्र आहे, ऑडिट कलम 63 मध्ये. 2025-26 चं रिटर्न अजून जुन्याच कलमांनी जाईल.