एटी-व्हीएम९५ई कार्ट्रिज : आठ महिन्यांच्या वापरानंतर

ऑडिओ-टेक्निकाची एटी-व्हीएम९५ई ही कार्ट्रिज, म्हणजे सुई धरणारी आणि तिच्या थरथरीचे विजेच्या लहरींत रूपांतर करणारी डबी, मी माझ्या जुन्या टर्नटेबलवर (तबकडी वाजवण्याच्या यंत्रावर) बसवली, त्याला आता आठ महिने झाले. आधीच्या कार्ट्रिजवर ख्यालाची तबकडी लावली की विलंबित स्वच्छ ऐकू यायचे, पण बाजू संपत आली की द्रुतातल्या ताना फाटायच्या. तबकडी मिनिटाला ३३⅓ फेरे घेते. त्यामुळे बाहेरच्या काठाशी सुईखालून सेकंदाला सुमारे ५१ सेंटिमीटर खाच सरकते, तर लेबलाजवळ जेमतेम २१. तेवढाच आवाज तिथे निम्म्याहून कमी जागेत कोंबलेला असल्याने सुई किंचित जरी तिरपी बसली, तरी तो दोष तिथे उघडा पडतो, आणि आपल्या गाण्यात रंग भरतो तो नेमका त्याच जागी.

कार्ट्रिजच्या अंगातच स्क्रूचे आटे असल्यामुळे नट चिमट्यात धरण्याची कसरत वाचली. पांढरी आणि निळी तार डाव्या बाजूची, तांबडी आणि हिरवी उजव्या बाजूची, एवढे लक्षात ठेवले की जोडणी सोपी आहे. खरा वेळ गेला तो सुईची जागा जुळवण्यात. तबकडीच्या मध्यापासून ६६ आणि १२०.९ मिलिमीटरवर, म्हणजे जिथे कार्ट्रिज खाचेशी अगदी सरळ रेषेत यायला हवी त्या दोन जागी, खुणा असलेला मापाचा कागद मी झेरॉक्सच्या दुकानातून छापून आणला आणि दोन संध्याकाळी कार्ट्रिज मागेपुढे सरकवत बसलो, तरी काही केल्या जुळेना. शेवटी कागदावरची १०० मिलिमीटरची रेघ पट्टीने मोजली, तर ती ९७ भरली. पानात मावावे म्हणून दुकानात छपाई लहान केली होती. मूळ आकारात पुन्हा छापलेल्या कागदावर अर्ध्या तासात काम झाले.

तबकडीवर पडणारा सुईचा भार २ ग्रॅम असावा, १.८ ते २.२ चालतो, असे कंपनी सांगते. माझ्या टोनआर्मच्या (कार्ट्रिज धरणाऱ्या दांड्याच्या) मागच्या वजनावर आकडा २ असताना डिजिटल काट्यावर २.३ दिसत होते, त्यामुळे त्या आकड्यावर मी विसंबत नाही. भार कमी ठेवला की तबकडी कमी झिजते, हा समजही चुकीचा आहे. हलकी सुई खाचेत उडते आणि भिंती खरवडते.

सोलापुरात आमच्या घरामागे यंत्रमाग आहेत. त्यांची थरथर टेबलातून सुईपर्यंत पोहोचत असे, म्हणून टर्नटेबल आता भिंतीतल्या फळीवर ठेवले आहे. कापसाची तूस मात्र टळत नाही. एक बाजू वाजली की सुईच्या टोकाशी राखाडी पुंजका दिसतो आणि तो मऊ ब्रशने, नेहमी मागून पुढेच, काढावा लागतो.

पाचव्या महिन्यात आईने धूळ पुसायला टॉवेल घेतला. आपल्या गावच्या टॉवेलाचे फंदे किती दाट असतात हे सांगायला नकोच. त्यातल्या एकात सुई अडकली आणि तिची दांडी वाकली. याच मालिकेतली मायक्रोलिनिअर (अधिक बारीक घडवलेल्या) टोकाची सुई जुन्या अंगात तशीच बसते, म्हणून तीच मागवली. किंमत बरीच जास्त आहे, पण कार्ट्रिजचे स्क्रू सैल करावे लागले नाहीत. कागदावर एकदा खात्री करून घेतली, तेवढेच.

ताना फाटणे निम्म्याहून अधिक थांबले होते ते जागा जुळवल्यावरच. नव्या सुईने उरलेले बरेचसे गेले. आधीच झिजलेल्या दोन तबकड्या मात्र अजूनही शेवटच्या तीन मिनिटांत तशाच खरखरतात.